बाबांचा कॉम्प्युटर, रोजचं एफ-वन आणि तीस रुपयांचा सेल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगलीहून बाबांचा फोन. बँकेची साइट उघडत नाहीये, लाइटबिलाची उघडत नाहीये, मेलसुद्धा उघडत नाहीये, सगळीकडे लाल त्रिकोण येतोय, व्हायरस शिरलाय बहुतेक. मी विचारलं, नक्की काय लिहिलंय ते वाचून दाखवा. तर म्हणाले, अगं इंग्रजीत काहीतरी घड्याळाचं लिहिलंय, युअर क्लॉक इज बिहाइंड. म्हणलं बाबा, उजवीकडे खाली कोपऱ्यात तारीख किती दिसतेय? थोडा वेळ फोनवर शांतता, मग म्हणाले, एक जानेवारी २०१६.

तिथून पुढे तीन आठवडे जे काय चाललं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण माझ्या ओळखीत निदान आठ-दहा घरं अशी आहेत जिथे आईवडिलांचा जुना डेस्कटॉप आहे, त्यात विंडोज १० आहे, कुणीतरी कधीतरी अपडेट बंद करून ठेवलंय आणि सगळं "चाललंय ना, मग हात लावू नका" या बोलीवर चालू आहे. मी काही आयटीतली नाही, मी अकाउंट्सचं काम करते, पण घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरचं माझ्याकडेच येतं आणि हे काम मला मनापासून आवडतं.

तर आधी त्या तारखेचं. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, वजनकाट्यात किंवा गाडीच्या रिमोटमध्ये असतो तसाच. कॉम्प्युटरची वीज पूर्ण बंद असताना आतलं घड्याळ त्या सेलवर चालतं. पाच-सात वर्षांत तो संपतो. संपला की वीज गेल्याबरोबर घड्याळ मागे जातं, बायोसच्या (म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) मूळ तारखेला. आता बाबांची सवय अशी की रात्री झोपताना भिंतीवरचं मेन बटण बंद करायचं, ती चांगलीच सवय आहे, पण त्यामुळे सेल संपल्यावर रोज रात्री घड्याळ शून्यावर येत होतं. ज्यांच्याकडे भिंतीवरचं बटण चालूच राहतं त्यांना सेल संपलेला कित्येक महिने कळतही नाही, कारण कॉम्प्युटर बंद असला तरी थोडी वीज आत जात राहते आणि तेवढ्यावर घड्याळ टिकतं.

मी विचारलं, बाबा, चालू करताना काही मेसेज येतो का? तर म्हणाले, हो, काळ्या पडद्यावर काहीतरी येतं, मग मी एफ-वन दाबतो, मग चालू होतो. कधीपासून? गणपतीच्या आधीपासून. म्हणजे दोन महिने तो बिचारा कॉम्प्युटर रोज सकाळी सांगत होता की सेल संपलाय आणि बाबा रोज एफ-वन दाबून त्याला पुढे ढकलत होते. यात बाबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की त्या ओळी वाचायच्या असतात. म्हणून मी आता सगळ्यांना हेच सांगते, पडद्यावर जे काय येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि पाठवा, "एरर आला" एवढ्यावरून काही कळत नाही, आकडे आणि अक्षरं जशीच्या तशी लागतात.

आणि तारखेमुळे साइट का बंद पडतात तेही सांगते. प्रत्येक सुरक्षित साइटचं एक सर्टिफिकेट असतं, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. बँकेचं सर्टिफिकेट २०२५ चं आणि आपला कॉम्प्युटर स्वतःला २०१६ मध्ये समजतोय, म्हणजे त्याच्या हिशोबाने हे सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचंय, मग तो ते खोटं धरतो आणि दार लावून घेतो. विंडोज अपडेटही तसंच अडतं, त्याचा कोड असतो झिरो एक्स ८००७२एफ८एफ, हा दिसला की बाकी काही करायच्या आधी तारीख, वर्ष आणि टाइम झोन बघायचा. विंडोज नेटवरून वेळ आपोआप जुळवून घेतं हे खरं, पण फरक वर्षांचा झाला की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

फोनवरच तारीख बदलायला सांगितली, बँक उघडली, बाबांच्या जिवात जीव आला. पण सकाळी परत तेच. म्हणलं दिवाळीला येतेच आहे, तोवर रोज तारीख लावा.

आता मधल्या काळात अजून एक गोष्ट होती जी माझ्या डोक्यात बसून होती. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे अगदी दिवाळीच्या तोंडावर. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, काहीही होत नाही, दुसऱ्या दिवशी तसाच चालतो, फक्त नवीन भोकं सापडली की ती बुजवायला कुणी येत नाही. बाबांच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, कारण त्यात सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. काही जण या तपासण्या चुकवून ११ बसवतात, मी आईवडिलांच्या मशीनवर ते करणार नाही, कारण पुढे अपडेट मिळत राहतील याची खात्री मायक्रोसॉफ्टच देत नाही आणि मग दर वेळी मला सांगली गाठावी लागेल.

दुसरा मार्ग होता, एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अजून एक वर्ष सिक्युरिटीचे पॅच. घरगुती वापरासाठी त्याला पैसेही भरावे लागत नाहीत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की झालं. पण अट अशी की विंडोज १० ची शेवटची आवृत्ती पाहिजे, २२एच२. मी बाबांना फोनवर विंडोजचं बटण आणि आर दाबून विनव्हर (winver) टाइप करायला सांगितलं. उत्तर आलं, १८०३. म्हणजे २०१८ च्या एप्रिलमधली आवृत्ती. सात वर्षं एकही अपडेट नाही.

तेव्हा कॉम्प्युटर रिपेअर करायला आलेल्या एका मुलाने सर्व्हिसमध्ये जाऊन अपडेट बंद केलं होतं आणि वर एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं होतं ते परत चालू होऊ नये म्हणून. त्या मुलालाही मी दोष देत नाही, त्या वेळी बाबांचं नेट महिन्याला ठराविक जीबीचं होतं आणि अपडेट सगळा डेटा खाऊन टाकत होतं, बाबांनीच त्याला सांगितलं होतं बंद कर म्हणून. यावर साधा उपाय होता, नेट कनेक्शन "मीटर्ड" करून ठेवायचं, मग मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि अपडेटचं दारही कायमचं बंद होत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घरचा लॅपटॉप चालवणाऱ्यांनी हे जरूर करावं.

पण बाबांचं खरं भय डेटाचं नव्हतंच. ते मला नंतर कळलं.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, अठरा वर्षं. वार्षिक सभेचे अहवाल, नोटिसा, ठराव, पत्रव्यवहार, सगळं मराठीत आणि सगळं त्या जुन्या काळच्या फॉन्टमध्ये, युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांच्या, आधीच्या. ज्यांनी डीटीपी बघितलंय त्यांना माहितीये, ते सॉफ्टवेअर एका डोंगलवर चालतं, यूएसबीला ती छोटी किल्ली लावली तरच मराठी उमटतं, नाहीतर सगळा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. अपडेट केलं आणि डोंगल चालेनासं झालं तर अठरा वर्षांचे कागद वाचता येणार नाहीत, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. दिवाळीत घरी पोचले, चहा घेतला आणि विषय काढला तर पहिलं वाक्य, "बाळा, तू बाकी काय करायचं ते कर पण अपडेट करू नकोस."

आणि वर त्यांचा मुद्दाही बिनतोड. म्हणाले, गेल्या वर्षी अपडेटमुळेच विमानं थांबली होती ना जगभर? ती १९ जुलै २०२४ ची गोष्ट, क्राउडस्ट्राइकच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा एक बिघडलेला अपडेट गेला आणि साधारण ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, कंपन्यांमध्ये वापरतात त्या सॉफ्टवेअरचं होतं, घरच्या मशीनवर ते नसतंच, पण मुद्दा खरा आहे, अपडेटनेही मशीन पडू शकतं. मी ते नाकारलं नाही.

मी त्यांना दुसरी गोष्ट सांगितली. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा पॅच दिला. दोन महिन्यांनी, १२ मे ला, वॉनाक्राय आलं, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारं, त्याच भोकातून. ज्यांनी त्या दोन महिन्यांत अपडेट केलं होतं त्यांच्या मशीनमध्ये ते त्या वाटेने शिरूच शकलं नाही आणि ज्यांनी केलं नव्हतं त्यात इंग्लंडमधली सरकारी हॉस्पिटलं होती, पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. मग जूनच्या शेवटी नॉटपेट्या नावाचं दुसरं आलं, त्यातही तेच भोक वापरलेलं, आणि ते थेट आपल्या न्हावा शेवापर्यंत पोचलं, जेएनपीटीतलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल बंद पडलं. बाबांना ती बातमी आठवत होती, कंटेनरच्या ट्रकची रांग लागली होती ते. मी खरं ते सगळंच सांगितलं, की नॉटपेट्याची सुरुवातच युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. म्हणजे दोन्हीकडे धोका आहे. फक्त अपडेट केल्याने होणारा बिघाड बहुतेक वेळा दुरुस्त करता येतो, मागे फिरता येतं, आणि अपडेट न केल्याने फायली कुलूपबंद झाल्या तर बॅकअपशिवाय मागे फिरायला रस्ता नसतो.

शेवटी ज्या गोष्टीने ते तयार झाले ती म्हणजे दहा दिवसांची सोय. मोठं अपडेट केलं की जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये दहा दिवस तसंच राहतं, सेटिंग्जमध्ये जाऊन "गो बॅक" केलं की परत येतं. बाबांनी दोनदा विचारलं, नक्की दहा दिवस? म्हणलं नक्की, आणि मी पाच दिवस इथेच आहे.

आधी बॅकअप. इथे मला एक ठासून सांगायचंय. बाबा म्हणाले बॅकअप आहे की, मी सगळं सी मधून डी मध्ये कॉपी करून ठेवतो. अहो, सी आणि डी ही एकाच हार्ड डिस्कची दोन खणं आहेत, कपाट जळलं तर दोन्ही खणं जळणार. मी एक टीबीची बाहेरची डिस्क घेऊन आले होते, तिच्यावर सगळे अहवाल, फोटो, आईच्या पाककृतींच्या फायली, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं सेटअप, सगळं घेतलं. आणि एक जास्तीचं काम केलं, ज्याचं समाधान मला आजही आहे, अठरा वर्षांच्या सगळ्या अहवालांच्या पीडीएफ काढून घेतल्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, मग डोंगल असो नसो, कागद वाचता येणार. संध्याकाळभर आम्ही दोघं तेच करत बसलो होतो, एकेक फाइल उघडायची, पीडीएफ करायची, आणि बाबा मध्येच २००९ चा पाण्याच्या टाकीचा ठराव वाचत थांबायचे.

दुसऱ्या दिवशी सेल. तीस रुपयांना मिळाला. वायर काढायची, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज जाते, कॅबिनेट उघडायचं, क्लिप दाबली की सेल वर उडतो, नवा घालताना अधिकचं चिन्ह वर. पाच मिनिटांचं काम. पण त्या आधी एक गोष्ट केली होती, चालू मशीन बायोसमध्ये नेऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला होता. कारण असं की सेल काढला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येऊ शकतात आणि त्यातली एक सेटिंग, साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारी, बदलली गेली तर विंडोज चालूच होत नाही, निळा पडदा येतो आणि माणूस समजतो हार्ड डिस्क गेली. तारीख लावली, फोटोंशी ताडून बघितलं, सेव्ह केलं. मेन बटण बंद करून परत चालू केलं, एफ-वन न विचारता विंडोज उघडलं. आईने दाराशी उभ्या उभ्या विचारलं, झालं? एवढंच होतं? (लॅपटॉपवाल्यांनी बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी की कुठे आहे ते बघून ठेवा, नाहीतर मशीन तीच मागत बसेल.)

मग जागा. सी ड्राइव्ह १०० जीबीचा, मोकळे फक्त सहा. असेंबल करणाऱ्यांची ही जुनी पद्धत, एक टीबीची डिस्क असली तरी सी ला शंभरच द्यायचे. मोठ्या अपडेटला वीस-पंचवीस जीबी तरी मोकळे हवेत, नाहीतर शेवटाला जाऊन अडकतं, त्याचा कोड झिरो एक्स ८००७००७०. डिस्क क्लीनअप उघडून "क्लीन अप सिस्टिम फाइल्स" केलं, हायबरनेशन बंद केलं, त्याची फाइलच काही जीबीची असते, आणि डेस्कटॉपवर व्हॉट्सअपचे व्हिडिओ होते ते डी मध्ये हलवले. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे खूप जणांना माहीत नसतं. ३४ जीबी मोकळे झाले. दिवाळीची साफसफाई आई माळ्यावर करत होती, आम्ही इथे.

अपडेट मी नेटवरून न करता पुण्याहूनच पेनड्राइव्हवर तयार करून आणलं होतं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल वापरून, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. हे टूल फक्त त्यांच्याच साइटवरून घ्यायचं, दुसरीकडून नाही. चालू विंडोजमध्येच पेनड्राइव्हवरचं सेटअप उघडायचं आणि "कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स" निवडलंय ना ते दोनदा बघायचं. डोंगल, प्रिंटर, सगळं काढून ठेवलं, फक्त कीबोर्ड आणि माउस. दुपारी अडीचला चालू केलं.

साडेतीनला लाइट गेली.

पडद्यावर चाळीसच्या आसपास टक्के होते. घरी यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी बसलेली, तो एक शिट्टी मारून बंद पडला. बाबा काहीच बोलले नाहीत, खुर्चीत मागे टेकून बसले, आणि ते न बोलणंच जास्त लागलं मला. यूपीएस चेक न करता मी मोठं अपडेट चालू केलं ही सरळ माझी चूक होती, सेल, बॅकअप, जागा सगळं बघितलं आणि हे राहिलं.

लाइट सव्वाचारला आली. चालू केलं. काळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, मग ओळ आली की आधीची विंडोजची आवृत्ती परत आणतोय. अशा वेळी काहीही करायचं नाही. बटण दाबायचं नाही, वायर काढायची नाही, अडकलंय असं वाटलं तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना तेवढं बघत राहायचं. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, तिला वेळ लागतो. एक तास वीस मिनिटं लागली. आम्ही चकल्या खाल्ल्या, शेजारच्या काकू येऊन गेल्या, आणि मग लॉगिनचा पडदा आला, बाबांच्या नातवाच्या फोटोसकट. सगळं जसंच्या तसं, १८०३.

ते नीट मागे आलं नसतं तर काय केलं असतं हेही सांगते, कारण बाबांनी तोच प्रश्न विचारला. चालू होताना दोन-तीनदा अडखळलं की विंडोज स्वतःच रिपेअरच्या निळ्या पानावर जातं. तिथे ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. क्रम असा ठेवायचा, आधी स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्स, मग सिस्टिम रिस्टोअर. "रीसेट धिस पीसी" ला बाकी सगळं करून झाल्याशिवाय हात लावायचा नाही. त्या पानावरही जात नसेल तर तोच पेनड्राइव्ह लावून त्यावरून चालू करायचं, पहिल्या पानावर इन्स्टॉलच्या खाली "रिपेअर युअर कॉम्प्युटर" असतं, बारीक अक्षरात. म्हणून तो पेनड्राइव्ह मी पुसत नाही, घरात ठेवलाय, सुतळीने कॅबिनेटला बांधून.

आणि विंडोज चालू होतंय पण आतून काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझम (DISM) ही कमांड, रिस्टोअर हेल्थवाली, आणि ती झाली की एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow). क्रम उलटा करू नका, डिझम मूळ साठा दुरुस्त करतं आणि एसएफसी त्या साठ्यातून बिघडलेल्या फायली बदलतं. डिझम साठेक टक्क्यांवर खूप वेळ थांबल्यासारखं वाटतं, थांबू द्या. नेटवर कुठे कुठे वीस-वीस कमांड एकदम टाकायला सांगतात, ते करू नका, एक करायची, रीस्टार्ट करायचं, बघायचं, वहीत लिहायचं, मग पुढची. आणि रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच, शटडाउन करून चालू करणं वेगळं, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही.

दुसऱ्या दिवशी यूपीएसची नवी बॅटरी आणली, बारा व्होल्ट सात एएच, आणि परत अडीचला बसलो. या वेळी तीन तास लागले, तीनदा रीस्टार्ट झालं, आणि २२एच२ आलं.

आवाज गेला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, घेतला, आवाज आला. ड्रायव्हर आपोआप शोधून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं घेऊ नका.

मग डोंगल. बाबांनी स्वतः लावलं. मजकूर उघडला आणि तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणलं थांबा, आणि मलाही धडधडत होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघितलं तर डोंगल "अननोन" दाखवत होतं, म्हणजे किल्ली दिसतेय, पण तिचा जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीत चालत नाहीये. ही किल्ली बनवणारी कंपनी वेगळी असते आणि फॉन्टवाली वेगळी. किल्लीवर बारीक अक्षरात नाव होतं, भिंगातून वाचलं, त्या कंपनीच्या साइटवर विंडोज १० साठीचा नवा ड्रायव्हर होता, फुकट. जुना काढला, रीस्टार्ट, नवा टाकला, रीस्टार्ट, किल्लीचा लाल दिवा लागला. "वार्षिक सर्वसाधारण सभा" असं ठळक मोठ्या अक्षरात पडद्यावर आलं तेव्हा बाबा उठून हात धुवून आले आणि देवापुढे दिवा लावला, तशीही संध्याकाळ झालीच होती.

बाकीचं पटकन झालं. उरलेले पॅच उतरवले, एक्स्टेंडेड अपडेटची नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरच होती, ती केली, वर्षभराची काळजी मिटली. अ‍ॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळेत विंडोज अपडेटसाठी आपणहून रीस्टार्ट होत नाही ते तास, बाबांच्या कामाच्या वेळेला लावले. आणि एक नियम ठरवला. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. ते लगेच घ्यायचे नाहीत, चार-पाच दिवस जाऊ द्यायचे, काही गडबड असेल तर तोवर बोभाटा होतोच, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेऊन, यूपीएसचा दिवा हिरवा बघून, अपडेट करायचं. बाबांनी ते कॅलेंडरवर लिहिलं, गॅसच्या नंबराच्या शेजारी. त्यांना त्यात गंमत वाटते आता, रविवारी फोन येतो, "झालं बरं का, दोन होते, अकरा मिनिटं."

एक राहिलंच. या सगळ्याच्या मध्ये एकदा बाबांच्या पडद्यावर पूर्ण पानभर एक इशारा आला होता, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, लगेच या नंबरवर फोन करा, आणि जोरात आवाज. मी शेजारी होते म्हणून बरं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की ते खोटं, ब्राउझर बंद करायचा, ऑल्ट आणि एफ-फोर, नाही झालं तर टास्क मॅनेजरमधून. आणि कुणी फोन करून रिमोटचं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा, पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा. माझ्या आईवडिलांच्या वयाच्या माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगत राहायला लागतं आणि मी सांगत राहते.

निघायच्या आदल्या रात्री मी बाबांना अजून एक गोष्ट दाखवली. विंडोज १० च्या २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घ्यायचं, कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक. इंग्रजीत नमस्कार टाइप केलं की नमस्कार उमटतं, युनिकोडमध्ये, डोंगल नको, काही नको. ज्या अपडेटला बाबा सहा वर्षं दार लावून बसले होते त्यातच हे आलेलं होतं. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला, एका बोटाने सुरुवात केली. "ज्ञ" कसा येतो ते दोनदा विचारलं. मी बॅग भरायला आत गेले.

सकाळी एसटीत बसले आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. आजवर बाबा नोटीस टाइप करायचे, प्रिंट काढायचे, तिचा फोटो काढायचे आणि तो तिरका फोटो ग्रुपवर टाकायचे. या वेळी फोटो नव्हता, अक्षरं होती, सरळ, वाचता येणारी, कॉपी करता येणारी: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की रविवारी सकाळी १० ते १२ पाण्याची टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी येणार नाही." खाली वेळ होती पहाटे पाच बावन्नची.